मागितलं ते मिळालं नाही, तर प्रार्थना कशासाठी?

वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात:

माझं माहेर वसईचं, कॅथलिक. सासर अहिल्यानगरचं, प्रोटेस्टंट. आम्ही पुण्यात राहतो. बाबांच्या किडन्या निकामी झाल्या आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. आठ महिने दोन्ही घरांनी प्रार्थना केली. आई रोज रोझरी (मरियेची जपमाळ) म्हणायची, सासरी संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना व्हायची, मी शुक्रवारचा उपास धरायचे. बाबा गेले. त्यानंतर आमच्या प्रार्थना गटातल्या एक बाई म्हणाल्या, "तुम्ही देवापेक्षा मशीनवर जास्त भरवसा ठेवलात, म्हणून उत्तर आलं नाही." सासरकडचे एक नातेवाईक म्हणतात, पाठ केलेली प्रार्थना ही प्रार्थनाच नव्हे. देवाला सगळं आधीच ठाऊक आहे आणि शेवटी त्याच्याच इच्छेप्रमाणे होणार आहे, तर मागायचं कशाला? आता प्रार्थनेला बसले की शब्द सुचत नाहीत, नुसता राग येतो. शिवाय बाबा बरे झाले तर त्यांना घेऊन तामिळनाडूतल्या वेलंकणी मातेच्या तीर्थक्षेत्री जाईन, असा आईने नवस केला होता. तो आता फेडायचा का, या विचाराने तिला झोप लागत नाही.

प्रभूमध्ये सलाम, ताई.

प्रश्न बरेच आहेत, पण आधी त्या बाईंच्या वाक्याचं बघू. ते मनात सलत असेपर्यंत पुढचं काही आत जाणार नाही. ते वाक्य खोटं आहे, आणि ते खोटं ठरवायला पवित्र शास्त्र पुरेसं आहे.

प्रेषितांच्या कृत्यांचा बारावा अध्याय काढा. दुसऱ्याच वचनात हेरोद राजा योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने ठार करतो. येशूच्या सर्वांत जवळच्या तीन शिष्यांपैकी हा एक. पाठोपाठ पेत्राला अटक होते, मंडळी त्याच्यासाठी कळकळीने प्रार्थना करते आणि पेत्र तुरुंगातून सुटतो. मंडळी तीच, देव तोच, तरी एक मारला गेला आणि एक वाचला. असं का, ते हे पुस्तक लिहिणारा लूक सांगत नाही. याकोबाच्या वेळी मंडळीचा विश्वास कमी पडला, असं तर तो कुठेच म्हणत नाही. पुढचा भाग तर नीट थांबून वाचा. पेत्र रात्री त्या घरी येऊन दार ठोठावतो. दाराशी गेलेली मुलगी त्याचा आवाज ओळखून धावत आत येते आणि सांगते. तेव्हा त्याच्याच सुटकेसाठी प्रार्थना करत जमलेली माणसं तिला म्हणतात, "तू वेडी आहेस." ज्यांची प्रार्थना ऐकली गेली, त्यांचाच ती ऐकली गेल्यावर विश्वास बसेना! विश्वासाचं वजन करून त्या मापाने देव उत्तर मोजून देतो, हा हिशेब या अध्यायात कुठेच बसत नाही.

पौलाचंही तसंच. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या बाराव्या अध्यायात तो आपल्या शरीरातल्या काट्याबद्दल लिहितो. तो निघावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही. "माझी कृपा तुला पुरे आहे" एवढं उत्तर मिळालं. तीमथ्याला तो पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. आणि तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रात अगदी शेवटी एक साधी ओळ आहे: त्रफिम आजारी होता, म्हणून त्याला मिलेतात ठेवून आलो. इफिसात ज्याच्या हातून रोगी बरे झाले, त्या पौलाला स्वतःचा सहकारी आजारी अवस्थेत मागे ठेवून पुढे जावं लागलं. त्रफिमाच्या विश्वासाबद्दल तिथे अवाक्षर नाही.

त्या बाई बहुधा दोन वचनं पुढे करतील, तेव्हा ती आधीच पाहून ठेवा. एक याकोबाच्या (हा वेगळा याकोब) पत्रातलं, अध्याय ५, वचन १५: विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील. हे वाचताना वचन १४ पासून सुरुवात करायची. आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी त्याला तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करावी. विश्वासाची अपेक्षा इथे प्रार्थना करायला येणाऱ्यांकडून आहे. अंथरुणावरच्या माणसाचा किंवा त्याच्या मुलीचा विश्वास तपासण्याचं काम या वचनाने कोणालाही दिलेलं नाही. दुसरं वचन मार्क ११:२४: तुम्ही प्रार्थनेत जे काही मागाल ते मिळालंच आहे असा विश्वास धरा. खरं वचन आहे, सोडून द्यायचं नाही. पण त्याच मार्काच्या चौदाव्या अध्यायात येशू स्वतः, समोर आलेल्या मरणाबद्दल, "हा प्याला माझ्यापासून दूर कर" अशी विनंती करतो आणि प्याला दूर होत नाही. येशूचा विश्वास कमी पडला, असं म्हणायला कोणी धजावणार आहे का? जो अर्थ अकराव्या अध्यायात चालतो पण चौदाव्यात येशूलाच दोषी ठरवतो, तो अर्थ चुकीचा आहे.

आता मशीनबद्दल. यशयाच्या अडतिसाव्या अध्यायात हिज्कीया राजा मरणाच्या दारात आहे. तो भिंतीकडे तोंड करून रडतो, प्रार्थना करतो, आणि देव त्याचं आयुष्य १५ वर्षांनी वाढवल्याचं सांगतो. इतकं स्पष्ट वचन मिळाल्यावरही यशया त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगतो. वचनही देवाचं आणि लेपही त्यानेच निर्माण केलेल्या झाडाचा. कलस्सैकरांस पत्रात पौल लूकाला "प्रिय वैद्य" म्हणतो. आपल्याच महाराष्ट्रात डॉ. विल्यम वान्लेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशन हॉस्पिटल उघडलं, ते औषध आणि प्रार्थना यांत भांडण नाही या विश्वासापोटीच. तुम्ही बाबांना आठवड्यातून तीनदा नेत होतात, चार-चार तास बाहेर बसत होतात. ती सेवा प्रार्थनेच्या विरोधात नव्हती. आणि हे सर्वच वाचकांसाठी स्पष्ट सांगतो: विश्वास दाखवण्यासाठी डायलिसिस, इन्सुलिन, फिटची किंवा मानसिक आजाराची औषधं थांबवायला कोणी सांगितलं, तर ते ऐकू नका आणि ही गोष्ट आपल्या पाळकांच्या किंवा फादरांच्या कानावर घाला. यात जीव जातात.

तुमचा मूळ प्रश्न मात्र त्या बाईंहून फार जुना आहे आणि चांगला आहे. देवाला आधीच ठाऊक आहे, तर मागायचं कशाला?

मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशू हे स्वतःच बोलून दाखवतो. आठव्या वचनात तो म्हणतो की तुम्ही मागण्यापूर्वीच तुमच्या गरजा तुमच्या पित्याला माहीत आहेत. त्यावरून आपण काढू तो निष्कर्ष म्हणजे, मग मागू नका. येशू नवव्या वचनात नेमकं उलटं सांगतो: म्हणून अशी प्रार्थना करा. आणि लगेच "हे आमच्या स्वर्गातील पित्या" सुरू होतं. म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनेत देवाला खबर देणं हा हेतू पहिल्यापासूनच नाही. त्याला आधीच माहीत आहे म्हणूनच आपण निर्धास्त होऊन बोलू शकतो. कारण आपण अनोळखी दारात उभे नसून पित्याशी बोलतो आहोत.

मग हेतू काय? इ.स. ४१० मध्ये रोम लुटलं गेलं आणि प्रोबा नावाची एक श्रीमंत विधवा घरातल्या बायकांना घेऊन आफ्रिकेत आश्रयाला आली. नवरा गेलेला, शहर गेलेलं. तिने हिप्पोचे बिशप ऑगस्टीन यांना विचारलं, प्रार्थना कशी करावी? सुमारे ४१२ साली त्यांनी तिला जे लांब पत्र लिहिलं, त्यात तुमचाच प्रश्न आहे. त्यांचं म्हणणं असं: देव जे देऊ इच्छितो ते फार मोठं आहे आणि ते घ्यायला आपलं मन फार लहान आहे. मागता मागता आपली इच्छा ताणली जाते, रुंदावते, आणि ते दान मावेल एवढी जागा आत तयार होते. शब्द देवाला समजावण्यासाठी नाहीत. आपण नेमकं काय मागतो आहोत हे आपल्यालाच दिसावं, यासाठी आहेत. पौलाच्या काट्याबद्दलही ते तिथेच लिहितात. दुःख निघून जावं असं मागणं माणसासाठी स्वाभाविक आहे, आणि ते निघालं नाही तर देवाने आपल्याला टाकलं असं समजू नये.

इथे एक सावधगिरी हवी, कारण या विचाराचा अर्धाच भाग पुष्कळ ठिकाणी ऐकू येतो: प्रार्थनेने फक्त आपण बदलतो, बाकी काही होत नाही. ख्रिस्ती विश्वास असं म्हणत नाही. तसं असतं तर येशूने "मागा म्हणजे तुम्हांला दिलं जाईल" म्हटलं नसतं, आणि मध्यरात्री शेजाऱ्याकडे भाकरी मागायला गेलेल्या माणसाचा आणि न्यायाधीशाच्या मागे लागलेल्या विधवेचा दाखलाही दिला नसता. तेराव्या शतकात धर्मपंडित थॉमस अक्वायनस यांनी ही गाठ सोडवली. देवाने काय घडावं एवढंच ठरवलेलं नसतं, ते कशातून घडावं हेही ठरवलेलं असतं. आणि काही गोष्टी माणसाच्या प्रार्थनेतून घडाव्यात अशी त्याची योजना असते. जसं पीक देणारा देव, तरी पेरणी शेतकऱ्यालाच करावी लागते. पेरणीमुळे देवाचं मन वळलं असं कोणी म्हणत नाही, आणि देव देणारच आहे म्हणून कोणी पेरणी टाळतही नाही. तेव्हा बाबा बरे व्हावेत असं तुम्ही मागितलंत ते खरंखुरं मागणं होतं, वाया गेलेलं नाटक नव्हतं. त्याचं उत्तर आपल्याला हवं तसं आलं नाही, हेही तितकंच खरं आहे, आणि त्याला गोड नाव देण्याची घाई करू नका.

तुमच्या सासरच्या परंपरेतले, सोळाव्या शतकातले प्रोटेस्टंट धर्मसुधारक जॉन कॅल्विन याच प्रश्नावर लिहिताना प्रार्थनेची सहा कारणं देतात. त्यातलं दुसरं मला फार उपयोगाचं वाटतं: जी इच्छा देवासमोर मांडायला आपल्याला लाज वाटेल, ती मनात घर करू नये म्हणून आपण प्रत्येक इच्छा त्याच्यासमोर उघडी करतो. हे करून पाहण्यासारखं आहे. बढती हवी, जावेचं वाईट व्हावं, घर आपल्या नावावर व्हावं – जे असेल ते मोठ्याने देवासमोर बोलायचं. काही मागण्या बोलतानाच गळून पडतात, काही बदलतात, आणि काही अधिक पक्क्या होतात. या सगळ्याला प्रार्थनाच म्हणतात.

गेथशेमाने बागेतली प्रार्थना या सर्वांचा गाभा आहे. तिचा क्रम नीट पाहा. आधी "हा प्याला दूर कर", मग "माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो". आपल्याकडे शोक झालेल्या माणसाला लोक थेट दुसऱ्या वाक्यावर नेऊन उभं करतात: "देवाची इच्छा, आमेन म्हणा." येशूने पहिलं वाक्य गाळलं नाही. मत्तय सांगतो, त्याने तीनदा प्रार्थना केली आणि तिसऱ्यांदा तेच शब्द पुन्हा म्हटले. पित्याच्या इच्छेला होकार द्यायला त्यालाही एकापेक्षा जास्त वेळ गुडघे टेकावे लागले. इब्री लोकांस पत्राच्या पाचव्या अध्यायात म्हटलं आहे की त्याने मोठ्याने आक्रोश करत, अश्रू गाळत प्रार्थना केली आणि ती ऐकण्यात आली. प्याला तर टळला नाही. तरी ऐकण्यात आली! पिता त्या प्याल्यातून त्याच्याबरोबर गेला आणि मरणाच्या पलीकडे त्याला उठवलं. ख्रिस्ती माणसाची सगळी प्रार्थना या एका प्रार्थनेच्या मागे उभी असते, आणि बाबांसाठी केलेलीही.

पाठ केलेल्या प्रार्थनेबद्दल फार बोलायला नको. नातेवाईक मत्तय ६:७ सांगत असतील, "व्यर्थ बडबड करू नका". पण दोनच वचनांनंतर येशू शिष्यांना ठरलेले शब्द देतो आणि गेथशेमानेत स्वतः तेच शब्द पुन्हा वापरतो. पहिल्या मंडळ्यांच्या काळातल्या ‘दिदाखे’ या लहानशा पुस्तिकेत प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणायला सांगितलं आहे. दोष पाठांतरात नाही, वेगात आणि हेतूत आहे: जितके जास्त शब्द तितकं देवाचं लक्ष जास्त, या समजुतीत. रोझरीची पाच दशकं (दहा-दहा प्रार्थनांचे पाच गट) २० मिनिटांत शांतपणे होतात. तीच आठ मिनिटांत उरकली तर प्रत्येक दशकाबरोबरच्या रहस्यावर, म्हणजे येशू-मरियेच्या आयुष्यातल्या प्रसंगावर, मनन करायला जागाच राहत नाही. आणि सुचेल तशी केलेली प्रार्थनाही "हे प्रभू, हे प्रभू, आम्ही तुझे आभार मानतो प्रभू" अशी यंत्रासारखी होऊ शकते. शोकात मात्र पाठ असलेली प्रार्थना मोठा आधार असते. स्वतःचे शब्द आटतात तेव्हा मंडळीचे शब्द उसने घेता येतात.

तुमचे शब्द सध्या आटले आहेत, तेव्हा रोज १५ मिनिटांपासून सुरुवात करा. अर्धा-एक तास बसायचं नाही. दुखावलेल्या मनाला लांब बसवलं की ते दोन दिवसांनी येईनासं होतं. वेळ एकच ठेवा, शक्यतो फोन हातात घेण्याआधीची, आणि फोन दुसऱ्या खोलीत. येशूने "खोलीत जाऊन दार लाव" म्हटलं, पण पुण्याच्या फ्लॅटमध्ये रिकामी खोली नसेल तर गॅलरी चालेल, इमारतीचा जिना चालेल, ऑफिसच्या वाटेवरचं उघडं चर्चही चालेल.

पहिली दोन मिनिटं काही बोलू नका. मग एक स्तोत्र मोठ्याने, सावकाश वाचा. सध्या फक्त शोकाची स्तोत्रं घ्या: १३, ४२, ७७, ८८, १३०. स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत, आणि आपल्या उपासनांत नेमकी तीच सर्वांत कमी वाचली जातात, ही फार मोठी उणीव आहे. तेराव्या स्तोत्रापासून सुरुवात करा, सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत "कोठवर?" हा प्रश्न चार वेळा आहे.

मग त्याच स्तोत्राच्या घडणीवर पाच-सात मिनिटं स्वतःचं बोला. आधी देवाला हाक. मग तक्रार, तिच्या सगळ्या धारेसकट: "तू बाबांना का नेलंस? आई एकटी पडली हे तुला दिसत नाही का?" मग विनंती, आजच्यापुरती एकच: आज रात्री आईला झोप लागू दे. शेवटी भरवशाचं वाक्य, पण ते मनात असेल तरच. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रात ते नाहीच. ते स्तोत्र अंधारात संपतं आणि तरी पवित्र शास्त्रात आहे. म्हणून भरवसा ओढूनताणून आणू नका. राग येतो हे तुम्ही अपराध्यासारखं लिहिलं आहे. ईयोबाच्या पुस्तकाचा बेचाळिसावा अध्याय वाचा. ईयोब देवाशी भांडला. त्याच्या मित्रांनी देवाची बाजू घेऊन त्यालाच दोषी ठरवलं. शेवटी देव त्या मित्रांना म्हणतो की तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. राग देवाकडे तोंड करून बोलला की तो प्रार्थनेतच जमा होतो. तो मनात ठेवून आपण गप्प बसतो, तेव्हा मात्र अंतर वाढत जातं.

उरलेल्या वेळात प्रभूची प्रार्थना एकदा म्हणा, पण रोज एकाच विनंतीवर थांबून. ऑगस्टीन तिच्यात सात विनंत्या मोजतात, म्हणजे आठवड्याचे सात दिवस बरोबर होतात. पहिल्या तीन देवाच्या नावाबद्दल, राज्याबद्दल, इच्छेबद्दल. उरलेल्या चार आपल्याबद्दल. आपण बहुतेक वेळा चौथीपासून सुरुवात करतो आणि तिथेच थांबतो. भाकरीच्या दिवशी लक्षात घ्या की मागणी फक्त आजच्या भाकरीची आहे, आणि ती "माझी" नसून "आमची" आहे. त्या दिवशी एक-दोन नावं घ्या. डायलिसिसच्या त्या वॉर्डात बाबांच्या शेजारच्या खुर्चीवर बसणारी माणसं असतील, त्यांच्यासाठी अजून कोणी तरी बाहेर चार तास बसत असेल. पण यादी पाच-सहा नावांपलीकडे नेऊ नका. ४० नावं हजेरीसारखी वाचली जातात. आणि ज्याच्यासाठी मागितलं त्याच्यासाठी आपल्या हातून होण्यासारखं काही असेल, तर ते त्याच आठवड्यात करा: एक डबा, एक फोन, रिक्षाचं भाडं. उघड्या-उपाशी भावाला "सुखाने जा" म्हणून नुसतं वाटेला लावण्याचा काय उपयोग, असं याकोब आपल्या पत्रात विचारतो, ते तुम्हाला माहीत आहे.

क्षमेची विनंती तुम्हाला सर्वांत जड जाईल. येशूलाही ते ठाऊक असावं, कारण प्रार्थना संपल्यावर त्याने या एकाच विनंतीवर पुन्हा दोन वचनं खर्च केली. त्या बाईंना लगेच मिठी मारायला कोणी सांगत नाही. "मला अजून त्यांना क्षमा करता येत नाही, क्षमा करायची इच्छा तरी दे" ही पूर्ण प्रार्थना आहे. मात्र त्या गटात सध्या जाणं बंद ठेवा आणि पाळकांना कारण सांगा. क्षमा केली म्हणजे त्यांची शिकवण मान्य केली असं होत नाही, आणि उद्या दुसऱ्या कोणाच्या घरी त्या तेच वाक्य बोलतील.

पंधरा मिनिटंही न बसवणारे दिवस येतील. त्यासाठी ऑगस्टीनच प्रोबाला इजिप्तच्या वाळवंटातल्या साधूंची रीत सांगतात: अगदी छोट्या प्रार्थना, वारंवार, बाणासारख्या सोडलेल्या. "प्रभू, दया कर." "बापा, मी इथे आहे." भांडी घासताना, सिग्नलला थांबल्यावर. आणि रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातलं सव्विसावं वचन अगदी अशाच वेळेसाठी आहे: काय मागावं हे आपल्याला कळत नाही, तेव्हा पवित्र आत्मा शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. तुम्ही गप्प बसून रडलात तरी त्या दिवसाची प्रार्थना झाली.

लक्ष भरकटेल. जिथे गेलं, तोच विषय प्रार्थनेत घ्या. बहुतेक वेळा खरी काळजी तिथेच असते. झोप येईल. गेथशेमानेत शिष्यांनाही आली, तेव्हा उभं राहून किंवा चालत प्रार्थना करा. "आज काही वाटलं नाही" म्हणून प्रार्थना फुकट गेली असं मोजू नका. भावना हे तिचं माप नाही. उपास सध्या बंद ठेवा. तुम्ही नीट जेवत नसाल तर शरीराला आणखी ताण नको. वहीत विनंत्या लिहायची सवय असेल तर तारीख घालून लिहा, पण "मिळालं" आणि "मिळालं नाही" असे रकाने पाडू नका. तीन महिन्यांनी वाचाल तेव्हा तुमच्या मागण्या कशा बदलत गेल्या ते दिसेल. आणि हे सगळं करूनही आणखी काही आठवडे झोप, भूक परतली नाही किंवा जगणं नकोसं वाटू लागलं, तर प्रार्थना चालू ठेवूनच डॉक्टरकडे जा. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं. अंजिराच्या लेपाचं जे सांगितलं, ते मनाच्या दुखण्यालाही लागू आहे.

बाबांसाठी आता प्रार्थना करायची का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण दोन घरांत हा प्रश्न निघणारच. कॅथलिक मंडळी मृतांसाठी प्रार्थना करते, त्यांच्यासाठी मिस्सा (चर्चमधला मुख्य उपासनाविधी) अर्पण करते, २ नोव्हेंबर हा दिवस त्यासाठीच राखलेला आहे. प्रोटेस्टंट मंडळ्या तशी विनंती करत नाहीत. मृताच्या आयुष्याबद्दल देवाचे आभार मानतात आणि मागे राहिलेल्यांसाठी मागतात. आईबरोबर वसईत असाल तेव्हा त्यांच्या शेजारी बसा. नगरला असाल तेव्हा बाबांबद्दलची एखादी उपकारस्तुती तुम्हीच म्हणा. यात कोणाचा विश्वास मोडत नाही.

राहिला नवस. आईंची काळजी लवकर दूर करता येईल. कॅथलिक धर्मविधानाच्या कलम ११९४ प्रमाणे नवस ज्या अटीवर केला ती अट पूर्ण झाली नाही, तर नवस आपोआप संपतो. अट बाबा बरे होण्याची होती, आणि जायचंही त्यांनाच घेऊन होतं. म्हणजे आईंवर कसलंही बंधन उरलेलं नाही. न फेडल्याचं पाप नाही, पुढे कोणावर संकट येईल ही भीतीही नको. हे तुमच्याकडून ऐकून त्यांचं समाधान होणार नाही, म्हणून त्यांच्या पॅरिशच्या फादरांना घरी बोलवा आणि त्यांच्याच तोंडून ऐकवा. यापुढे नवस करायचाच झाला तर "हे दे, मग ते देईन" असा न करता सरळ अर्पण म्हणून करावा, हेही त्यांना फादर सांगतील. शिलोच्या मंदिरात निपुत्रिक हन्नानेही मूल व्हावं म्हणून नवस केला होता, पण पहिल्या शमुवेलात असं लिहिलं आहे की मूल होण्याआधीच, मन मोकळं करून बाहेर आल्यावरच, ती जेवली आणि तिचा चेहरा उतरलेला राहिला नाही.

तरीही आईंना वेलंकणीला जावंसं वाटत असेल तर अवश्य न्या, फेड म्हणून नव्हे. २९ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हे यात्रेचे दिवस टाळा. गर्दीत त्यांचे हाल होतील. जानेवारी-फेब्रुवारीत हवा बरी असते. नागपट्टिनमपर्यंत रेल्वेने जाता येतं, तिथून वेलंकणी जेमतेम १२ किलोमीटर आहे. दोन रात्री राहायच्या हिशेबाने जा, म्हणजे एक सकाळ नुसती बसायला मिळेल.